परदेशी घड्याळांचा हिशेब : डेलाइट सेव्हिंग सांभाळून तारखांचा कोड कसा लिहावा

भारतात बसून कोड लिहिणाऱ्याला डेलाइट सेव्हिंगची, म्हणजे उन्हाळ्यापुरतं घड्याळ पुढे करायच्या परदेशी पद्धतीची, चूक स्वतःच्या मशीनवर सहसा दिसत नाही. आपलं घड्याळ बारा महिने यूटीसीच्या, म्हणजे जगाने मोजणीसाठी धरलेल्या कधीही न सरकणाऱ्या प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे. ना उन्हाळ्यात सरकत, ना हिवाळ्यात. चोवीस तास मिळवले की उद्या येतो, सात चोवीस मिळवले की पुढचा आठवडा. टेस्ट हिरव्या, डेमो झकास. मग मार्चमधल्या एका सोमवारी शिकागोहून मेल येतो, की सगळ्या अपॉइंटमेंट तासभर सरकल्यात.

मी बेळगावात, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस चालवते. उद्यमबागेतले काही फाउंड्रीवाले आणि हायड्रॉलिक्सचे पार्ट करणारे कारखानदार अमेरिकेत आणि जर्मनीत माल पाठवतात, त्यांच्या ऑर्डरी आणि मीटिंगांचं काम आमच्याकडे आहे. इंग्लंडमधल्या वृद्धाश्रमांच्या ड्युट्या आणि पगाराचा हिशेबही आम्ही करतो. खानापूर, निपाणी, चंदगडकडची मुलंमुली शिकाऊ म्हणून येतात. बसायला खुर्ची मिळाली की मी पहिल्यांदा त्यांना हाच विषय शिकवते, कारण यातली चूक थेट कोणाच्या तरी पगारात किंवा कोणाच्या तरी वाया गेलेल्या संध्याकाळीत जाऊन पडते. तेच इथे लिहून ठेवते आहे.

हे प्रकरण आहे काय

बेळगाव उत्तरेला सोळा अंशांच्या आसपास. आपला सगळ्यात मोठा दिवस साधारण तेरा तासांचा, सगळ्यात लहान अकरा तासांच्या थोडा वर. लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो आणि डिसेंबरात जेमतेम आठ तासांचा. उन्हाळ्यात पहाटेचा उजेड लोक झोपेत घालवतात, म्हणून घड्याळच तासभर पुढे करायचं, अशी ही कल्पना. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जर्मनीने ती देशभर लागू केली आणि मागोमाग बाकीच्यांनी उचलली.

आज अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं, दोन्ही वेळा पहाटे दोनला, ज्या त्या झोनच्या स्थानिक वेळेने. हा नियम २००७ पासूनचा. त्याआधी एप्रिल ते ऑक्टोबर असा होता. ब्रिटन आणि युरोपियन युनियनमध्ये मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, आणि तिथे सगळे एकाच क्षणी बदलतात, यूटीसीचा एक वाजला की. सिडनीत ऋतू उलटे, म्हणून ऑक्टोबरात पुढे आणि एप्रिलमध्ये मागे. ॲरिझोना राज्य घड्याळ हलवत नाही, पण त्याच राज्यातल्या नावाहो नेशनच्या हद्दीत ते हलतं. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर तर अर्धाच तास सरकतं.

हे पाठ करू नका. सांगितलं ते एवढ्याचसाठी, की हे नियम सरकारं ठरवतात आणि मनात येईल तेव्हा बदलतात. ब्राझीलने २०१९ मध्ये डेलाइट सेव्हिंग बंद केलं, मेक्सिकोने बहुतेक भागात २०२२ मध्ये. इजिप्तने बंद केलेलं २०२३ मध्ये परत चालू केलं. लेबनॉनमध्ये त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारने ऐनवेळी बदल पुढे ढकलला आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला. तुमच्या कोडमध्ये ‘महिना मार्चच्या पुढे आणि नोव्हेंबरच्या आत असेल तर एक तास मिळव’ अशी ओळ असेल, तर ती आजच काढा. आमच्याकडे रिव्ह्यूत अशी ओळ दिसली की बाकीचं वाचायच्या आधी ती परत जाते.

आधी विचारा: हे कोणाचं घड्याळ?

लायब्ररी कुठली, फंक्शन कुठलं, हे प्रश्न नंतरचे. आधी समोरच्या माहितीकडे बघून ठरवायचं, की हा एक क्षण आहे, कुठल्यातरी भिंतीवरच्या घड्याळातली वेळ आहे, की नुसती तारीख आहे. माझ्या अनुभवात यातल्या बहुतेक चुका गणिताच्या नसतात. एका प्रकारची माहिती दुसऱ्या प्रकारच्या खणात ठेवली, म्हणून त्या होतात.

क्षण म्हणजे घडून गेलेली गोष्ट. पैसे जमा झाले, ट्रक सुटला, बटण दाबलं. जगात कुठेही बसून बघा, तो क्षण एकच. तो यूटीसीमध्ये साठवायचा आणि दाखवताना बघणाऱ्याच्या झोनमध्ये दाखवायचा. इथे वाद नाही.

घड्याळातली वेळ म्हणजे माणसांनी आपसात ठरवलेली गोष्ट, आणि खरी गुंतागुंत इथे आहे. समजा उद्यमबागेतल्या एका कारखान्याची शिकागोच्या खरेदीदाराशी दर मंगळवारी मीटिंग आहे, शिकागोच्या सकाळी आठला. हिवाळ्यात शिकागो यूटीसीच्या सहा तास मागे, म्हणजे यूटीसी दुपारचे दोन आणि आपले संध्याकाळचे साडेसात. ८ मार्च २०२६ ला त्यांचं घड्याळ पुढे गेलं की तीच मीटिंग आपल्याकडे साडेसहाला येते. कोडने पहिल्या मीटिंगचा यूटीसी क्षण धरून सात सात दिवस पुढे मोजले, तर १० मार्चला निमंत्रण साडेसातचंच राहील. तिकडे खरेदीदार सकाळी आठला येऊन बसलेला, आणि आपला माणूस अजून शॉप फ्लोअरवर. उलट, तीच मीटिंग ‘आपल्या साडेसातला’ अशी ठरली असेल, तर सरकायचं शिकागोवाल्यांनी.

दोन्ही बरोबर असू शकतं. कोडला ते आपोआप कळणार नाही, म्हणून फॉर्ममध्येच विचारा. आमच्या प्रत्येक पुन्हा पुन्हा येणाऱ्या मीटिंगच्या नोंदीत ‘मुख्य घड्याळ’ नावाचा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय नोंद होत नाही. कारखानदारांना हे समजावायला दोन मिनिटं लागतात: मार्चमध्ये कोणी हलायचं, तुम्ही की त्यांनी? उत्तर लगेच मिळतं.

जर्मनीचा माणूसही त्याच मीटिंगमध्ये असला, तर मार्चमध्ये दोन किंवा तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या शेवटी एक आठवडा अमेरिका आणि युरोप यांच्यातलं अंतर नेहमीपेक्षा तासाने कमी असतं. २०२६ मध्ये ८ ते २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर. या दिवसांत तक्रारी आल्या तर आधी हेच तपासा.

तिसरा प्रकार नुसती तारीख: जन्मतारीख, सुट्टी, बिलाची अंतिम तारीख. हिला वेळही नको आणि झोनही नको. जन्मतारखेला मध्यरात्रीची वेळ चिकटवून यूटीसीत साठवली की आपल्याकडे ती हमखास एक दिवस मागे जाते. १५ ऑगस्टची आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीमध्ये १४ ऑगस्टची संध्याकाळ, साडेसहा. जावास्क्रिप्टमध्ये स्थानिक मध्यरात्रीच्या डेटवर ‘टूआयएसओस्ट्रिंग’ (वेळ यूटीसीत लिहून देणारं फंक्शन) चालवून पहिले दहा अक्षर कापून घेणारा कोड मी अजूनही सारखा बघते. तो बेळगावात रोज चुकतो, लंडनला हिवाळ्यात बरोबर चालतो. याच्या उलट चूकही आहे: जावास्क्रिप्टला वेळ न देता नुसती ‘२०२६-०३-०८’ अशी स्ट्रिंग दिली, तर तो ती यूटीसीची मध्यरात्र समजतो. आपल्याकडे ती ८ मार्चचीच पहाट दिसते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. न्यूयॉर्कमध्ये ७ मार्च दिसते. डेटाबेसमध्ये अशा गोष्टींसाठी साधा ‘डेट’ प्रकार असतो, जावामध्ये ‘लोकलडेट’, पायथनमध्ये ‘डेट’. तेच वापरा.

झोनचं पूर्ण नाव साठवा

‘अमेरिका/शिकागो’, ‘युरोप/लंडन’, ‘एशिया/कोलकाता’ ही नावं टाइम झोन डेटाबेसमधली. हा तक्ता आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केला, २०११ पासून तो आयएएनए या इंटरनेटचे क्रमांक आणि नावं सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली आहे, आणि पॉल एगर्ट त्याचं काम बघतात. लिनक्स, अँड्रॉइड, जावा, पायथन, पोस्टग्रेस ही सगळी मंडळी त्याच्यावरच चालतात. कुठल्या गावात कोणत्या तारखेपासून घड्याळ किती सरकलं, त्याचा इतिहास त्यात आहे. आपण हिशेब करायचा नाही, या तक्त्याला विचारायचं.

‘उणे सात तास’ एवढंच साठवलं तर पुढचं काहीच सांगता येत नाही. जानेवारीत डेन्व्हर आणि फीनिक्स दोन्ही उणे सात. जुलैत डेन्व्हर उणे सहा होतं, फीनिक्स जागचं हलत नाही. लघुरूपं त्याहून वाईट: ‘आयएसटी’ भारतात चालतं, आयर्लंडमध्ये चालतं आणि इस्रायलमध्येही. आपल्या मुलांना ते वाचून भारतच आठवतो. डब्लिनच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र त्याचा अर्थ चार तासांहून जास्त फरकाचा असतो.

पोस्टग्रेस या डेटाबेसबद्दल एक गैरसमज इतक्या वेळा भेटतो, की वेगळं सांगायलाच हवं. ‘टाइमस्टँप विथ टाइम झोन’ हा प्रकार झोन साठवत नाही. आलेली वेळ यूटीसीत फिरवतो आणि झोनचं नाव टाकून देतो. म्हणून झोनच्या नावाला स्वतंत्र टेक्स्ट रकाना लागतो. तसंच त्यात ‘एक दिवस’ आणि ‘चोवीस तास’ हे दोन वेगळे इंटर्व्हल आहेत, आणि ‘एक दिवस’ मिळवताना तो सेशनचा, म्हणजे डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीचा, झोन धरतो. सेशन यूटीसीवर असेल तर दोन्हींचं उत्तर एकच येईल आणि तुम्हाला वाटेल की सगळं ठीक आहे.

रात्रपाळीचे तास

आता एक उदाहरण बारकाईने बघू. इंग्लंडमधल्या वृद्धाश्रमात एक बाई शनिवारी, २८ मार्च २०२६ ला, रात्री दहाला ड्युटीवर येतात आणि रविवारी सकाळी सहाला जातात. किती तास? घड्याळ बघून आठ. पण त्या रात्री एक वाजला की काटा थेट दोनवर जातो, म्हणून त्या प्रत्यक्षात सात तास उभ्या होत्या. ऑक्टोबरमध्ये २४ तारखेच्या रात्री दहा ते २५ च्या सकाळी सहा, हीच ड्युटी नऊ तासांची. त्या बाई नऊ तास जागल्या आणि पगार आठ तासांचा निघाला, तर तो पूर्ण तासभराचा पगार त्यांच्या हातून गेला. हजेरीच्या तक्त्यावर काहीच चुकीचं दिसत नाही, म्हणून अशा गोष्टी वर्षानुवर्षं कोणी धरत नाही.

पायथनमध्ये इथे एक सापळा आहे. दोन्ही वेळांना व्यवस्थित ‘युरोप/लंडन’ झोन लावला, ‘झोनइन्फो’ वापरलं, सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे केलं आणि एकातून दुसरी वजा केली, तरी उत्तर आठच येतं. दोन्ही वेळांचा झोन एकच असेल तर पायथन झोनकडे बघतच नाही, नुसते काटे वजा करतो. भाषेने हे ठरवून ठेवलं आहे, तो बग नव्हे. उपाय एका ओळीचा: आधी दोन्ही वेळा यूटीसीत फिरवा, मग वजा करा. २८ तारखेचे रात्रीचे दहा म्हणजे यूटीसीचेही दहाच, रविवारचे सहा म्हणजे यूटीसीचे पाच. उत्तर सात. मिळवतानाही तोच नियम. पायथनमध्ये झोन लावलेल्या वेळेत ‘आठ तास’ मिळवले तर काट्यावरचे आठ तास मिळतात. खरे आठ तास हवे असतील तर यूटीसीत जा, मिळवा, परत या.

जावामध्ये हे जास्त स्वच्छ आहे. जावा ८ पासूनच्या ‘जावा डॉट टाइम’मध्ये ‘झोन्डडेटटाइम’ला ‘प्लसडेज’ने एक दिवस मिळवला तर काट्यावरची वेळ तीच राहते, ‘प्लसअवर्स’ने चोवीस तास मिळवले तर खरे चोवीस तास जातात. ‘ड्युरेशन’ म्हणजे खरा काळ, ‘पिरियड’ म्हणजे कॅलेंडरचा. नवीन माणसाला ही संकल्पना शिकवायची असेल तर मी जावाच उघडते, मग त्याचं रोजचं काम कुठल्याही भाषेत असो.

जुन्या पायथन कोडमध्ये ‘पायटीझेड’ भेटेल. त्यात झोन थेट डेटटाइमला चिकटवला तर भारतासाठी साडेपाचऐवजी पाच तास त्रेपन्न मिनिटं असा विचित्र आकडा दिसतो. ती कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ, तक्त्यातली पहिली नोंद. ‘लोकलाइझ’ वापरा, किंवा पायथन ३.९ पासून भाषेतच आलेल्या ‘झोनइन्फो’वर जा.

नसलेला तास आणि दोनदा येणारा तास

न्यूयॉर्कमध्ये ८ मार्च २०२६ ला पहाटेचे अडीच वाजलेच नाहीत. आणि १ नोव्हेंबरला रात्रीचा दीड दोनदा वाजणार. पंचांग बघणाऱ्या घरातल्या मुलांना मी हे क्षय तिथी आणि वृद्धी तिथी म्हणून सांगते: एक तिथी कुठल्याच सूर्योदयाला सापडत नाही, दुसरी दोन सूर्योदयांना सापडते, आणि पंचांगकर्त्याने दोन्हींसाठी नियम आधीच ठरवलेला असतो. आपल्या प्रोग्रॅमनेही तो ठरवलेला हवा.

बहुतेक भाषा नसलेल्या वेळेला ओरडत नाहीत. जावा आणि जावास्क्रिप्ट अडीचचे गुपचूप साडेतीन करतात. पायथन तर अडीच तसेच धरून ठेवतो. ओळखायचं असेल तर ती वेळ यूटीसीत न्या आणि परत आणा. गेली तीच परत आली नाही, तर ती वेळ अस्तित्वात नव्हती. दोनदा येणाऱ्या दीडसाठी पायथनमध्ये ‘फोल्ड’ आहे, शून्य म्हणजे पहिला दीड, एक म्हणजे दुसरा. जावा न विचारता पहिला घेतो, दुसरा हवा तर ‘विथलेटरऑफसेटॲटओव्हरलॅप’ म्हणावं लागतं. जावास्क्रिप्टच्या नव्या ‘टेम्पोरल’मध्ये आधीचा, नंतरचा, की चूक म्हणून नाकारायचं, हे तुम्हीच सांगू शकता.

नियम कोणता ठेवायचा, ते कामावर आहे. औषधाच्या आठवणीसाठी मी नसलेली वेळ पुढे सरकवते आणि दोनदा येणाऱ्या वेळेत पहिलीच धरते, कारण एकच गोळी दोनदा घ्यायला सांगणं धोक्याचं. माणसाने स्वतः भरलेल्या हजेरीत मात्र मी काहीच गृहीत धरत नाही. ‘दीड, घड्याळ मागे करायच्या आधीचा की नंतरचा?’ असं स्क्रीनवर सरळ विचारते.

रात्रीच्या ठरावीक कामांसाठी, म्हणजे क्रॉनसाठी, सर्व्हर यूटीसीवर ठेवा. स्थानिक वेळेच्या एक ते तीनमध्ये काहीही लावू नका. ‘न्यूयॉर्कच्या दिवसाचा रिपोर्ट’ असं काम असेल तर आम्ही ते दर तासाला उठवतो. ते न्यूयॉर्कची तारीख बघतं, त्या तारखेचा रिपोर्ट झालेला असेल तर परत झोपतं. त्यामुळे तास नाहीसा झाला काय आणि दोनदा आला काय, रिपोर्ट एकच निघतो.

कॅलेंडर काढताना

दिवसांची यादी करताना ८६,४०० सेकंद मिळवत जाऊ नका. न्यूयॉर्कच्या १ नोव्हेंबर २०२६ च्या मध्यरात्रीपासून सुरू करा आणि ८६,४०० सेकंद मिळवा. येईल १ नोव्हेंबर, रात्रीचे अकरा, कारण तो दिवस पंचवीस तासांचा आहे. यादीत १ तारीख दोनदा छापली जाते, तिथून पुढे प्रत्येक दिवस रात्रीच्या अकरावर अडकतो, आणि तीस ओळींच्या यादीत ३० नोव्हेंबर येतच नाही. बुकिंगच्या स्क्रीनवर महिन्याचा शेवटचा दिवस गायब झाला की लोक डेटाबेसमध्ये शोधत बसतात. चूक या बेरजेत असते.

दोन तारखांमधले दिवस मोजतानाही तसंच. न्यूयॉर्कच्या १ मार्च ते १ एप्रिल २०२६ या दोन मध्यरात्रींमध्ये ७४३ तास आहेत. चोवीसने भागून अपूर्णांक टाकला की ३० दिवस येतात, खरे ३१. कोणी ‘राउंड करा, होईल’ म्हणतं. होतं, पण पुढच्या माणसाला कारण कळत नाही आणि तो कधीतरी ते काढून टाकतो. तारखा तारीख म्हणूनच वजा करा. जावास्क्रिप्टमध्ये ‘डेट डॉट यूटीसी’ने दोन्ही तारखा बनवून मग भागा, आणि एक दिवस पुढे जायला ‘सेटडेट’ वापरा.

‘आजची विक्री’ काढायची असेल तर आजच्या स्थानिक मध्यरात्रीपासून उद्याच्या स्थानिक मध्यरात्रीपर्यंत, उद्याची धरायची नाही. दोन्ही टोकं वेगवेगळी यूटीसीत फिरवायची. आणि मध्यरात्र असतेच असंही धरू नका. साओ पाउलोत डेलाइट सेव्हिंग मध्यरात्री सुरू व्हायचं, त्यामुळे ४ नोव्हेंबर २०१८ चा दिवस तिथे एक वाजता उजाडला. जावामधलं ‘ॲटस्टार्टऑफडे’ झोन दिला की हे बरोबर देतं. सामोआने तर आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलताना ३० डिसेंबर २०११ हा पूर्ण दिवसच वगळला.

आपल्याकडचं युद्धकाळातलं घड्याळ

मुलं म्हणतात, भारताचा झोन तरी सोपा. आजचा सोपा, मागचा नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतातलं घड्याळही तासभर पुढे होतं, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत यूटीसीच्या साडेसहा तास पुढे. त्याआधीही १९४१-४२ मध्ये काही महिने तसंच. म्हणजे १९४३ साली बेळगावात, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, सकाळी सहाला जन्मलेल्या आजोबांची खरी वेळ आजच्या हिशेबाने पाच. कुंडलीतलं लग्न, म्हणजे पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलतं, तेव्हा कुंडलीसाठी तासाची चूक मोठी. जुने ज्योतिषी हा तास आठवणीने वजा करतात.

कुंडलीचं किंवा जुन्या नोंदींचं सॉफ्टवेअर करत असाल, तर साडेपाच तास हाताने लिहू नका, ‘एशिया/कोलकाता’ वापरा. १९४३ ची तारीख दिली की ते साडेसहाच देतं. पण त्यालाही मर्यादा आहे. मुंबई शहरात जुनी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत वापरात होती आणि तिची वेगळी नोंद या तक्त्यात नाही. शिवाय घरच्या वहीतली वेळ सरकारी घड्याळाची होती की सूर्य बघून लिहिलेली, हे घरच्यांनाच विचारावं लागतं. स्क्रीनवर ‘नोंदलेली वेळ’ आणि ‘धरलेला फरक’ दोन्ही दाखवा, म्हणजे जाणकाराला दुरुस्त करता येतं.

पुढच्या तारखा

घडून गेलेल्या गोष्टी यूटीसीत साठवा, असं वर म्हटलं. पुढच्या गोष्टींना ते लावू नका. ग्राहकाने मेक्सिको सिटीत पुढच्या जूनमधली सकाळी दहाची वेळ घेतली आणि तुम्ही ती यूटीसी करून ठेवली. मधल्या काळात सरकारने डेलाइट सेव्हिंगच रद्द केलं, मेक्सिकोत २०२२ ला झालं तसं, तर तुमचा यूटीसी क्षण आता तिथल्या नऊला पडतो. ग्राहक येणार दहालाच. म्हणून भविष्यासाठी तीन गोष्टी साठवा: स्थानिक तारीख-वेळ, झोनचं नाव, आणि शोधायला सोपं जावं म्हणून त्यातून काढलेला यूटीसी. तिसरा रकाना हा नुसता काढलेला आकडा. तक्ता बदलला की तो परत काढायचा.

तपासणी

आपल्या मशीनचा झोन ही आपली सगळ्यात मोठी अडचण, म्हणून तीच आधी बदला. लिनक्स किंवा मॅकवर कमांडच्या आधी ‘टीझेड’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ करून टेस्ट चालवा. आमचा सगळा टेस्ट संच प्रत्येक बदलानंतर कोलकाता, न्यूयॉर्क आणि लॉर्ड हाउ या तिन्ही झोनमध्ये चालतो. लॉर्ड हाउ अर्ध्या तासासाठी. कोणी ‘डेलाइट सेव्हिंग म्हणजे एक तास’ असं लिहिलं असेल तर तिथे लगेच सापडतं. कोडमध्ये ‘आत्ता किती वाजले’ हे थेट विचारू नका, घड्याळ बाहेरून पुरवा, म्हणजे टेस्टमध्ये ८ मार्चची पहाट उभी करता येते. टाइमआउट आणि ‘किती सेकंद लागले’ यांसाठी भिंतीवरचं घड्याळच नको, मोनोटॉनिक म्हणजे कधीही मागे न जाणारं घड्याळ वापरा.

टेस्टमध्ये या तारखा असूच द्या: न्यूयॉर्क ८ मार्च आणि १ नोव्हेंबर २०२६, लंडन २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर २०२६, सिडनी ५ एप्रिल आणि ४ ऑक्टोबर २०२६, साओ पाउलो ४ नोव्हेंबर २०१८. प्रत्येकीसाठी आदल्या दिवसातून एक दिवस मिळवून बघा, चोवीस तास मिळवून बघा, दिवसाचे तास मोजून बघा. तेवीस, पंचवीस यायला हवेत.

शेवटचं काम तक्ता ताजा ठेवण्याचं, आणि ते करायला सगळे विसरतात. तो वर्षातून काही वेळा नवा निघतो, आणि तुमच्याकडे त्याच्या एकाहून जास्त प्रती असतात: लिनक्सचं ‘टीझेडडेटा’ पॅकेज, जावाच्या आतली वेगळी प्रत, विंडोजवर पायथन असेल तर ‘पिप’ने घेतलेलं पॅकेज, आणि डॉकर इमेजमध्ये गोठून बसलेली जुनी प्रत. सर्व्हर एक उत्तर देतो आणि डेटाबेस दुसरं, असं झालं की या प्रतींच्या आवृत्त्या ताडून बघा. सगळ्या एकदमच वर न्या, आणि वर नेल्या दिवशीच भविष्यातल्या नोंदींचा यूटीसी रकाना परत काढणारी स्क्रिप्ट चालवा. ज्या नोंदी बदलल्या त्यांची यादी ग्राहकाला पाठवा, जुनी वेळ आणि नवी वेळ शेजारी शेजारी लिहून.